चौदा दिवसांची उगवण

प्रयागआत्याने पोतं टेबलावर उपडं केलं, तेव्हा रेणुका तौर नुकताच चहा ओतून घेऊन बसली होती. चहात माती पडली, कागदांवर माती पडली, आणि सावरखेड्याच्या बीजपरीक्षण केंद्रातल्या एकुलत्या एका संगणकावर वाळलेल्या चिंचेच्या रोपांचा भारा येऊन आदळला.

"मोज," आत्या म्हणाली. "तुला मोजायची लई हौस हाय ना? मंग मोज."

"अगं आत्या, यंत्रात माती जाईल!"

"जाऊ दे. माझ्या दोन वर्षांची माती झाली, ती बघ आधी."

२०४५ सालचा मे महिना होता आणि बालाघाटाच्या पायथ्याशी ऊन असं तापलं होतं की सावलीलासुद्धा चटका बसावा. आत्या साठी ओलांडलेली, पण फाट्यापासून चार किलोमीटर पोतं डोक्यावर घेऊन आली होती. रागाच्या भरात माणसाला ओझं जाणवत नाही म्हणतात, ते खरं असावं.

भानगड अशी होती. रस्ते रुंद करताना दोन्ही बाजूंची जुनी चिंचेची झाडं तोडून झाली, मग सरकारला सावलीची आठवण झाली आणि मार्गवृक्ष मंडळ नावाचं एक खातं निघालं. या मंडळाने मात्र एक नियम चांगला केला होता. रस्त्याकडेची झाडं जो गट जगवील, त्या झाडांची चिंच पिढ्यानपिढ्या त्या गटाची. सावरखेडा फाट्यापासून घाटाच्या चढापर्यंतचा बाराशे झाडांचा पट्टा आत्याच्या गटाने घेतला. गटात सोळा बायका. सोळाही जणींचा जन्म व्यापाऱ्यांच्या वखारीत चिंचा फोडण्यात गेलेला. दुसऱ्याची चिंच, दुसऱ्याची वखार, आणि आपली फक्त हातोडी. आपल्या मालकीचं चिंचेचं एक झाड असावं, हे त्यांना किती हवं असेल ते सांगायला नको.

मंडळ बी द्यायचं. गटाने ते पिशव्यांत लावायचं, हातभर रोप झालं की रस्त्याकडेला खड्ड्यात न्यायचं, आणि पुढचा उन्हाळा काढल्यावर शंभरात सत्तर झाडं उभी दिसली पाहिजेत. अशी संधी तीन वेळा. दोन वेळा जवळजवळ सगळ्या रोपांची काडी झाली होती. आता तिसरी आणि शेवटची. ही हुकली की पट्टा दुसऱ्या कोणाला तरी जाणार, आणि तो 'दुसरा कोणी' गाडी घेऊन दोनदा बघूनही गेला होता.

"पाणी घातलं न्हाई म्हनशील, तर चल, घागरीनं सोललेली टाळकी दावते सोळा जनींची," आत्या म्हणाली. "हे बघ मूळ. बोटभर बी न्हाई. येवढ्या मुळीवर रोप उन्हाळा काढंल व्हय, रेणे?"

रेणुकाने ते मूळ बोटाला लावून मोजलं. बी तिनेच दिलं होतं. म्हणजे तिच्या यंत्राने निवडून दिलं होतं, आणि ते यंत्र ही रेणुकाच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट होती जिच्याबद्दल ती चारचौघांत बढाई मारत असे. आई गेल्यावर आत्याच्या घरी राहून ती शिकली, बीजशास्त्रात पदवी घेतली, आणि मंडळाच्या नोकरीत तीन वर्षं खपून तिने 'अंकुरदर्शक' घडवला. मंडळात त्याला अंकुरदर्शक म्हणत, गावात 'रेणीचं यंत्र'.

यंत्राचं काम वरवर सोपं होतं. पट्ट्यावरून एकेक चिंचोका पुढे सरके. त्याच्यावर पाण्याचा बारीक फवारा पडे, आणि सौम्य किरणांनी त्याच्या पोटातलं चित्र घेतलं जाई. पाणी आत शिरतंय का, कुठून शिरतंय, आतला अंकुर शाबूत आहे का, हे बघून यंत्र ठरवी की हा उगवणार की नाही. उगवणारा हिरव्या डब्यात, न उगवणारा लाल डब्यात. हे शहाणपण यंत्राला आपोआप आलेलं नव्हतं. रेणुकाने स्वतः बासष्ट हजार चिंचोके ओल्या टिपकागदावर ठेवून, चौदाव्या दिवशी कोण उगवला आणि कोण नाही, याची नोंद करून ते त्याला शिकवलं होतं. चौदा दिवस का? नियमपुस्तिकेत चौदा लिहिले होते म्हणून. हिरव्या डब्यातले शंभरातले चौऱ्याण्णव चिंचोके चौदा दिवसांत उगवत. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आत्या पाय आपटत निघून गेली. रेणुका केरसुणी घेऊन माती लोटायला लागली आणि लोटता लोटता कोपऱ्यातल्या कूलरपाशी पोचली. कूलर दोन महिन्यांपासून गळत होता. त्याच्या खाली, भिंतीला टेकवून, लाल डब्यातल्या चिंचोक्यांचं एक पोतं कोणी तरी ठेवलं होतं. लाल चिंचोके खळीच्या कारखान्याला दळायला जात. हे एक पोतं न्यायचं राहून गेलं होतं.

त्या पोत्यातून हिरवं रान बाहेर आलं होतं.

रेणुका केरसुणी टाकून वाकली. न उगवणारे म्हणून बाद झालेले चिंचोके तागाच्या विणीतून माना काढून उभे होते. तिने एक रोप उपसलं. मूळ वीतभर निघालं, तेही अर्धं आत तुटून. खोड काडेपेटीच्या दोन काड्या एकत्र धराव्यात तेवढं जाड. शेजारी आत्याने आणलेलं वाळकं रोप ठेवलं, तर एक मल्ल आणि एक दुखणाईत.

मग तिने हिरव्या डब्यातला मूठभर माल काढून भिंगाखाली धरला. जवळजवळ प्रत्येक चिंचोक्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक होतं.

ती भुंगेऱ्याची करणी. चिंच झाडावर असतानाच भुंगेरा शेंगेवर अंडी घालतो. अळी चिंचोक्यात शिरते, आतली डाळ खाते आणि मोठी झाली की गोल भोक पाडून बाहेर पडते. आता चिंचोक्याचं टरफल हे असं चिवट प्रकरण आहे की सबंध चिंचोक्यात पाणी शिरायलाच तीन-चार आठवडे लागतात. भोकाच्या चिंचोक्यात मात्र ते एका दिवसात शिरतं. अळीने अंकुराला तोंड लावलेलं नसेल, तर असा चिंचोका सहाव्या दिवशी उगवून मोकळा होतो. पण त्याची शिदोरी अळीने आधीच अर्धी फस्त केलेली असते. वर पानं येतात, खाली मूळ धरत नाही. पावसाळ्यात, हिवाळ्यात रोप तगून राहतं आणि चैत्राचं ऊन लागलं की संपतं.

आणि रेणुकाने यंत्राला काय शिकवलं होतं? चौदा दिवसांत उगवेल तो चांगला. सबंध, निरोगी चिंचोका तिसाव्या दिवशी उगवणारा, म्हणून तिने आपल्या हाताने त्याच्यापुढे 'मृत' लिहिलं होतं. हजारो वेळा लिहिलं होतं. यंत्र बिचारं आज्ञाधारक. भोक दिसलं की हिरवा, भोक नसलं की लाल, असं ते समजून चाललं होतं. राज्यातलं सगळ्यात उत्तम बी दळून खळ होत होतं, आणि किडलेलं बी शिक्का मारून बायकांच्या पदरात पडत होतं.

तिने पुण्याला मुख्यालयात, उगवण विभागाचे साहेब निरगुडकर सरांना फोन लावला.

"सर, आपलं यंत्र किडके चिंचोके निवडतंय."

"उगवतात ना?"

"उगवतात सर, पण जगत नाहीत."

"तौरबाई," निरगुडकर समजुतीच्या सुरात म्हणाले, "आपल्याकडे उगवण विभाग वेगळा आणि संगोपन विभाग वेगळा. रोप उगवलं की आपला संबंध संपला. मेलं तर ते संगोपनचं."

"पण मरण्याचं कारण बियातच आहे सर! यंत्राला साठ दिवसांच्या नोंदींवर पुन्हा शिकवावं लागेल."

"नियमात चौदा आहेत. संगोपनला काही म्हणणं असेल, तर त्यांनी आम्हाला लिहावं."

तिने संगोपनला फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं की तिन्ही संधी संपल्याशिवाय बियाण्याबद्दल तक्रार करण्याचा रकाना उघडत नाही. रेणुकाने फोन ठेवला आणि कूलरला एक सणसणीत लाथ घातली. पाणी आणखी जोरात गळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती वखारीत गेली. सोळाजणी गोल बसून चिंचा फोडत होत्या. रेणुकाने सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, आपली चूक न झाकता. ऐकता ऐकता आत्याची हातोडी थांबली.

"म्या पैल्याच साली म्हनले होते का न्हाई, ही भोकाची हायेत म्हून?"

"म्हणाली होतीस."

"आन् तू काय म्हनलीस?"

रेणुका म्हणाली होती, यंत्राला दिसतं ते तुझ्या डोळ्याला दिसत नाही, आत्या. आता ते पुन्हा तोंडातून काढायची सोय नव्हती.

"पिशवीला तुमचं सील, वरून हात लावू नगा म्हून कागद. न्हाईतर किडकं बी कोन पेरतं?" आत्या म्हणाली. "बांधावर लावायची आसंल तर आमी सबंध चिंचोका घेतो, खरबरीत दगडावर एका अंगानं घासतो, पांढरं दिसंपतूर. मंग रातभर पान्यात. आठ दिवसांत मोड. ल्हानपनी एकमेकीला चटके द्यायला घासायचो, तसंच."

रेणुकाने समोरचा एक चिंचोका उचलून अंगठ्याने चाचपला. बासष्ट हजार चिंचोके मोजले, पण एकदाही कोणाला विचारलं नाही की बाई, तुम्ही कसे लावता.

तिथल्या तिथे तिने दहा सबंध चिंचोके घासून घेतले आणि केंद्रात जाऊन यंत्रावर सोडले. दहाच्या दहा हिरव्या डब्यात पडले. पाणी आत शिरायला वाट आहे, अंकुर शाबूत आहे, मग यंत्राची काय तक्रार असणार? वाट भुंगेऱ्याने केली की दगडाने, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

फक्त ते नियमाबाहेर होतं. बियाण्यावर यंत्रात जाण्यापूर्वी कसलीही प्रक्रिया करायची नाही. केली तर ती तुकडी बाद, आणि जाणूनबुजून केली असेल तर पट्टाही बाद. रेणुकाला ते कलम पाठ होतं. तिने एक दिवस विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी लाल डब्यातलं एक सबंध पोतं स्कूटीवर घालून वखारीत नेऊन टाकलं आणि बायकांना ते कलमही सांगितलं. सोळा बायका तीन दिवस चिंचोके घासत होत्या. बोटांची सालटी निघाली. चौथ्या दिवशी यंत्राने त्यावर शिक्का मारला, आणि सीलबंद पिशव्या घेऊन बायका घरी गेल्या.

ते वर्ष रेणुकाने कसं काढलं, ते तिचं तिला माहीत. एकीकडे दर मंगळवारी घागरींनी पाणी पिऊन रस्त्याकडेला रोपं अशी तरारली की येणारे-जाणारे गाडी थांबवून बघत. दुसरीकडे तिने घराच्या परसात शंभर भोकाची आणि शंभर सबंध रोपं लावून मोजणी चालवली. एप्रिल संपला तेव्हा भोकाची नऊ उरली आणि सबंध एक्क्याऐंशी. तिने मुख्यालयाला पाच पत्रं लिहिली. पहिल्या तिन्हींची नुसती पोच आली. चौथ्याला उत्तर आलं की घरगुती प्रयोग ग्राह्य धरता येत नाहीत. पाचव्याला उत्तर आलं की नमुना लहान आहे, आणि मोठा नमुना घेण्याची परवानगी नमुना ग्राह्य ठरल्यावर मिळेल. हे पत्र तिने चारदा वाचलं, कारण पहिल्या तीन वेळा तिला वाटलं आपलंच काही तरी चुकतंय.

जूनमध्ये मोजणी झाली. बाराशेपैकी एक हजार एकतीस झाडं उभी होती.

फाट्यावर मांडव पडला. निरगुडकर सर पुण्याहून आले आणि हक्काचा कागद आत्याच्या हातात देण्यात आला. आत्याने तो कपाळाला लावला. सोळाजणींनी टाळ्या वाजवल्या, एक-दोघींनी डोळ्यांना पदर लावला, आणि रेणुकाला वाटलं, झालं ते बरंच झालं.

मग निरगुडकर माइकवर आले.

"आमच्या यंत्राबद्दल काही जणांनी शंका घेतल्या होत्या. पत्रांवर पत्रं आली. त्यांना सावरखेड्याने उत्तर दिलं आहे! हेच यंत्र, हेच चौदा दिवस, आणि शंभरात शहाऐंशी झाडं जिवंत. पुढच्या सोमवारपासून अंकुरदर्शकाचं बी अकरा जिल्ह्यांत जाईल."

मांडवात टाळ्या पडल्या. रेणुकाचे हात मात्र उचललेच गेले नाहीत. तिच्या पाच पत्रांना तिच्याच लबाडीने उत्तर दिलं होतं. आता तिने सहावं पत्र लिहिलं, तरी निरगुडकर सावरखेड्याकडे बोट दाखवणार.

संध्याकाळी ती आत्याकडे गेली. आत्या ओसरीवर बसून हक्काच्या कागदाला प्लास्टिकची पिशवी चढवत होती.

"आत्या, तिकडच्या बायकांना भोकाचंच बी मिळणार. त्यांच्याही तिन्ही खेपा जाणार."

"मंग सांग की तुझ्या सायबाला."

"पाच वेळा सांगितलं. आता एकच राहिलंय. आपण चिंचोके घासून दिले होते, हे सांगायचं. मग सावरखेड्याचा दाखला खोटा पडतो आणि त्यांना थांबावं लागतं."

आत्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तिने कागद मांडीखाली घेतला.

"आन् ह्याचं?"

रेणुका ओसरीची कड नखाने कोरायला लागली.

"अगं, बोल की! ह्याचं काय व्हईल?"

"रद्द होईल."

"त्या बाया माझ्या कोन लागत्यात गं?" आत्याचा आवाज चढला. "सोळाजनींनी तीन उन्हाळं डोईवरून पानी वाह्यलंय. पारूबाई पडली, तिचा खुबा मोडला. चुकी तुझी, यंत्र तुझं, मोजलं तू. तुझी चुकी तू भर ना! आमचा पट्टा कशाला घालतीस त्यात?"

"दुसरा रस्ता असता तर—"

"सहावं कागुद लिही. सातवं लिही. तुला लिव्हता येतंय, म्या शिकिवलंय तुला."

आत्याचं खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. पण अकरा जिल्ह्यांतल्या कुठल्या तरी फाट्यावर पुढच्या मेमध्ये कोणी तरी बाई असंच वाळक्या रोपांचं पोतं डोक्यावर घेऊन निघणार, हेही तितकंच खरं होतं, आणि तिच्या समोर बसून चहा पिणारी दुसरी कोणी तरी रेणुका तिला सांगणार की यंत्राला दिसतं ते तुला दिसत नाही.

तिने शुक्रवारी सकाळी अर्ज लिहिला. या वेळी उगवण विभागाला नाही, संगोपनलाही नाही. थेट दक्षता पथकाला लिहिला: मी, रेणुका तौर, बियाण्यावर नियमबाह्य प्रक्रिया करून यंत्राची फसवणूक केली. सावरखेड्याचा निकाल त्यामुळे खोटा आहे. गटातल्या बायकांना नियम माहीत नव्हता. हे शेवटचं वाक्य खोटं होतं, पण तेवढं तरी आपल्या हातात आहे, असं तिला वाटलं.

वर्षभर चूक सांगत होती, तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नाही. गुन्हा कबूल केला, तर दुसऱ्याच दिवशी जीप दारात उभी राहिली. दोन अधिकारी, एक टंकलेखक, कॅमेरा. केंद्राला सील लागलं. अकरा जिल्ह्यांना जाणाऱ्या गाड्या थांबल्या आणि यंत्राने आजवर पास केलेल्या सगळ्या बियाण्याची साठ दिवसांची फेरतपासणी करण्याचा हुकूम निघाला. ज्या साठ दिवसांसाठी रेणुका वर्षभर डोकं फोडत होती, ते आता तिच्याविरुद्ध पुरावा गोळा करण्यासाठी लगोलग मंजूर झाले. तिला निलंबित केलं. आणि त्याच पाकिटात, खाली तिसऱ्या परिच्छेदात, सावरखेडा गटाचा हक्क रद्द केल्याचं दोन ओळींत कळवलं. गटाला नियम माहीत नव्हता, ही बाब विचारात घेता फौजदारी कारवाई करण्यात येत नाही, असंही वर मेहेरबानी केल्यासारखं लिहिलं होतं.

ते पत्र टपालाने गटाकडे पोचण्याआधी आपण सांगितलं पाहिजे, म्हणून रेणुका वखारीत गेली. पण बातमी तिच्या आधी पोचली होती. नेहमी ती दिसली की कोणी ना कोणी सरकून जागा करायची, चिंचेचं एखादं गाभुळलं बोटुक तिच्या हातात द्यायची. आज कोणी मान वर केली नाही. सोळा हातोड्या चालू होत्या. पारूबाईसुद्धा पाय पसरून, कुबडी शेजारी ठेवून फोडत होती.

रेणुका आत्यासमोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"आत्या, मी चुकले असेन, पण..."

आत्याने हातातली चिंच फोडून संपवली, चिंचोके एका बाजूला केले, पदराने हात पुसले. मग तिने वर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर रेणुकाला बरं वाटलं असतं.

"या मॅडम," आत्या म्हणाली. "बसा."

रेणुका उभीच राहिली. तिला वाटलं आपल्याला कोणी तरी ढकललं.

"तिकडलं थांबलं का?" आत्याने विचारलं. "त्या अकरा जिल्ह्यांतलं?"

"थांबलं."

"बरं झालं, मॅडम."

ती उठली. भिंतीपाशी घागरी ओळीने मांडून ठेवल्या होत्या. आत्याने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि एक घागर उचलली. मागोमाग बाकीच्याही एकेक उठायला लागल्या.

"आत्या, आता कशाला?" रेणुकाने घागरीला हात घातला. "ती झाडं आता तुमची नाहीत गं."

"मंगळवार हाय," आत्या म्हणाली. "सरका जरा, मॅडम. पान्याची येळ झाली."